पेट्रोल मोटारीचे ‘मिसिंग’ : ठिणगी, कॉइल आणि निदानाची रीत

सपाट रस्त्यावर मोटार सुरळीत धावते. परंतु चढण लागून चालकाने ॲक्सिलरेटर दाबताच तिला झटके बसू लागतात, ओढ कमी होते आणि चालकासमोरच्या पटलावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. ‘गाडी मिसिंग करते’, ‘एक प्लग मारत नाही’ अशा शब्दांत ही तक्रार गॅरेजमध्ये पोहोचते. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडकडे रुग्ण घेऊन निघालेल्या पेट्रोल व्हॅनला हा विकार जडला, तर तो केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. पुढचा मालट्रक ओलांडण्यासाठी उजवीकडे काढलेली गाडी ऐन वळणापूर्वी दम सोडते, तेव्हा काय प्रसंग ओढवतो हे घाटातून नित्य प्रवास करणाऱ्यांना सांगावयास नको.

दुसरी बाजू खर्चाची. अशा गाडीचे सर्व प्लग प्रथम बदलले जातात, मग सर्व कॉइल, मग पेट्रोलचा पंप. आणि तरीही झटके थांबले नाहीत म्हणजे शेवटी इंजिन उघडण्याचा सल्ला मिळतो. दोष एका सुट्या भागात असतो, देयक मात्र पाच भागांचे येते. शिक्षक असोत, ग्रामपंचायतीचे सदस्य असोत वा शासकीय वाहनाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक तपासणारे अधिकारी असोत, प्रत्येकाने पाना हाती घ्यावा अशी कोणाची अपेक्षा नाही. परंतु दोष कसा शोधतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला गॅरेजमध्ये दोन नेमके प्रश्न विचारता येतात. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. तेथे दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. सबब डिझेलवरील जीपगाड्यांना पुढील विवेचन लागू नाही. ते पेट्रोल व सीएनजीवर चालणाऱ्या वाहनांपुरते आहे.

ठिणगी चुकते म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा व इंधन यांचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, पेटविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे हे चक्र दट्ट्याच्या चार फेऱ्यांत पूर्ण होते. तेवढ्या अवधीत मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोनदा फिरतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडावी लागते. चार सिलिंडरच्या इंजिनात हा आकडा सेकंदाला १०० होतो. यातील एखादी ठिणगी पडली नाही, किंवा पडूनही मिश्रण पेटले नाही, तर त्या सिलिंडरकडून जोर मिळत नाही. उलट त्याचा दट्ट्या इतरांना फुकट ओढावा लागतो. यालाच इंग्रजीत मिसफायर आणि आपल्या गॅरेजमध्ये मिसिंग म्हणतात. आजच्या अनेक लहान मोटारींची इंजिने तीनच सिलिंडरची असतात. त्यांपैकी एक बंद पडला म्हणजे एक तृतीयांश शक्ती गेली. मग गाडी धडधडते व चढणीवर थकते यात नवल नाही.

मिश्रण पेटण्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात : योग्य प्रमाणातील इंधन व हवा, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडलेली सशक्त ठिणगी. मिसिंगचे कारण या तिहींपैकी कशातही असू शकते. ठिणगी सर्वांच्या परिचयाची असल्याने संशय प्रथम तिच्यावर जातो, आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो. पण नेहमीच नव्हे.

कॉइलचे कार्य

बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. प्लगच्या टोकांमधील फट साधारणतः ०.७ ते १.१ मिलिमीटर. एवढीशी फट ओलांडण्यासही बॅटरीचा दाब सर्वस्वी अपुरा आहे; तेथे हजारो व्होल्ट लागतात. ते निर्माण करण्याचे काम कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, पहिल्याच्या सुमारे शंभरपट वेढ्यांचे. पहिल्या वेटोळ्यातून काही मिलिसेकंद विद्युत्‌प्रवाह वाहू दिला जातो. गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठते. मग तो प्रवाह एकाएकी तोडला जातो. क्षेत्र कोसळताच पहिल्या वेटोळ्यातच तीनचारशे व्होल्टचा दाब उसळतो आणि दुसऱ्यात तो शंभरपट होऊन ३०,००० व्होल्टच्या घरात जातो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन ते हेच. विज्ञानाच्या शिक्षकांना या तत्त्वासाठी शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारीसारखे दुसरे उदाहरण शोधूनही मिळणार नाही. ठिणगी प्रवाह सुरू झाल्याने पडत नसून तो तुटल्याने पडते, ही बाब विद्यार्थ्यांच्या मनावर यातून चांगली ठसते.

हा प्रवाह तोडण्याची योजना काळानुसार बदलत गेली. बॅटरी व कॉइल यांवर चालणारी, चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली रचना १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढे अनेक दशके तीच जगभर रूढ राहिली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीतही एकच कॉइल असे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट प्रवाह तोडत, फिरता रोटर तो दाब पाळीपाळीने चारही प्लगांकडे वाटून देई. पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, पण तिच्यावर हात बसलेल्या मेकॅनिकांनी पुढील पिढीला दिलेल्या सवयी अद्याप टिकून आहेत. त्यांपैकी एक सवय नव्या गाड्यांना घातक आहे. तिचा विचार पुढे येईलच.

मधल्या काळातील अनेक गाड्यांत दोन सिलिंडरांस मिळून एक कॉइल अशी व्यवस्था होती. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला व चौथा यांची एक जोडी, दुसरा व तिसरा यांची दुसरी. अशा गाडीत पहिला आणि चौथा हे दोन्ही सिलिंडर एकदम मार खात असतील तर निदान जवळजवळ हातात आले असे समजावे. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतंत्र कॉइल बसविलेली असते. प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो आणि तो केव्हा तोडावयाचा हे इंजिनाचा संगणक ठरवितो. डिस्ट्रिब्युटर गेला आणि त्यासह लांबलचक हाय टेन्शन तारांचे जंजाळही गेले. निदानाच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची आहे, कारण एकाच इंजिनावर एकसारख्या तीन-चार कॉइल असतात. संशयिताची तुलना करण्यास निर्दोष नमुना शेजारीच हजर असतो.

घाटातच का?

पुष्कळांना कोड्यात टाकणारा प्रश्न हा की, उभ्या गाडीत इंजिन अगदी शांत चालते, मग चढणीवरच ते का अडखळते? याचे उत्तर दाबात आहे. हवा जितकी अधिक दाबलेली, तितका तिच्यातून ठिणगी उडविण्यास अधिक विद्युत्-दाब लागतो. गाडी उभी असताना हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते. सिलिंडरमध्ये थोडीच हवा शिरते आणि दाबल्यावरही तिचा दाब बेताचा राहतो. काही हजार व्होल्टमध्ये ठिणगी पडते. याउलट वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी चढविली की सिलिंडर हवेने भरून जातो. आता त्याच फटीसाठी कितीतरी अधिक व्होल्ट हवे असतात.

सुदृढ कॉइल ही वाढीव मागणी पुरविते. परंतु जिच्या आतील लेप उष्णतेने तडकला आहे, किंवा जिच्या रबरी टोपीला बारीकशी चीर गेली आहे, तिच्यातील विद्युत् प्लगच्या फटीऐवजी सोपी वाट शोधते आणि चिरेतून बाजूच्या धातूकडे निसटते. पाइपाला भोक असले तरी तोटी पूर्ण उघडी असताना ते जाणवत नाही, तोटी आवळली की गळती सुरू होते, तसाच हा प्रकार. प्लगची झीज होऊन फट वाढली असेल तर मागणी आणखी वाढते. म्हणूनच जीर्ण प्लग कॉइलचाही जीव घेतो.

येथूनच निदानाचे पहिले सूत्र हाती लागते. ओझ्याखाली झटके आणि उभ्या गाडीत शांतता असेल तर ठिणगीकडे पाहावे. उलटपक्षी उभ्या गाडीत थरथर आणि वेग घेताच सुधारणा असा क्रम असेल, तर हवेच्या नळीला तडा जाऊन जादा हवा आत शिरत असल्याचा संभव अधिक. अशा वेळी कॉइल बदलून काहीही साधणार नाही. सकाळी गाडी ठीक आणि अर्ध्या तासाने झटके, ही तऱ्हा उष्णतेने प्रसरण पावून आतील बारीक तार तुटणाऱ्या कॉइलची. अशी गाडी गॅरेजच्या सावलीत दोन तास उभी राहिली की पुन्हा शहाण्यासारखी वागते आणि चालकच खोटा पडतो. तेव्हा चालकाने झटके केव्हा, कोणत्या गिअरमध्ये, चढणीवर की सपाटीवर, गार इंजिनात की तापलेल्या, पावसात की कोरड्या हवेत येतात हे लिहून आणावे. दहा मिनिटांच्या अशा नोंदीने पुष्कळदा अर्धे काम होते.

लुकलुकणारा दिवा

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. अशा गाड्यांत, आणि त्यापूर्वीच्याही काही वर्षांतील गाड्यांत, संगणक मिसिंगवर सतत नजर ठेवून असतो. त्याची युक्ती मोठी सुबक आहे. क्रँकशाफ्टवर दात असलेले एक चक्र असते आणि समोरील संवेदक प्रत्येक दात जाताना वेळ मोजतो. सिलिंडर पेटला की दांड्याला किंचित धक्का मिळून वेग वाढतो. न पेटल्यास तो तेवढ्यापुरता मंदावतो. कोणत्या क्षणी मंदावला यावरून कोणता सिलिंडर चुकला हे संगणक ओळखतो. खडबडीत रस्त्यावर चाकांचे हादरेही दांड्यापर्यंत पोहोचतात आणि त्यांची गल्लत होऊ शकते, म्हणून काही गाड्यांत ते निराळे ओळखण्याचीही तजवीज असते.

पिवळा दिवा स्थिर लागलेला असेल तर दोष नोंदला गेला आहे, गाडी लवकर दाखवावी, इतकाच त्याचा अर्थ. तोच दिवा लुकलुकत असेल तर अर्थ निराळा आणि तातडीचा आहे : न जळलेले इंधन एवढ्या प्रमाणात बाहेर पडत आहे की सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून जाण्याचा धोका आहे. या कन्व्हर्टरमध्ये बारीक छिद्रांचा सिरॅमिकचा ठोकळा असून त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असतो. विषारी वायू निरुपद्रवी करणे हे त्याचे काम. न जळलेले पेट्रोल व प्राणवायू तेथे पोहोचले की ते तेथेच पेटते, उष्णता प्रमाणाबाहेर जाते आणि ठोकळा वितळून बुजतो. मग बाहेर जाणारा वायूच कोंडतो व नवी कॉइल बसवूनही गाडी ओढत नाही. हा भाग कॉइलच्या अनेक पट महाग असतो. तेव्हा दिवा लुकलुकत असताना ॲक्सिलरेटर सोडावा, वेग उतरवावा, सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करावी. ‘आलोच आहोत, तालुक्यापर्यंत नेऊ’ हा विचार अंती महागात पडतो. रुग्ण गाडीत असेल तर अर्थात प्रथम त्याची दुसऱ्या वाहनाने सोय पाहावी.

काही गाड्यांचा संगणक स्वतःच चुकणाऱ्या सिलिंडरचे इंधन तोडतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ते इंधन परत चालू होते आणि थोडा वेळ सारे ठीक वाटते. दोष दूर झाला असे मात्र समजू नये.

अदलाबदलीची कसोटी

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा छिद्रांचे एक खाचघर असते. त्याला स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदलेले दोषांचे संकेतांक वाचता येतात. मोबाइलवर चालणारी साधी उपकरणेही त्यासाठी पुरतात. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यातील, याप्रमाणे. पी ०३०० म्हणजे चूक एका सिलिंडरपुरती नाही. पी ०३५१ पासूनचे संकेतांक कॉइलच्या विद्युत्-मार्गातील बिघाड दर्शवितात. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, ओझे व तापमान यांचीही नोंद संगणक ठेवतो. संकेतांक पुसण्यापूर्वी हे सारे कागदावर उतरवून घ्यावे. ते पुसून टाकून मग विचार करीत बसणारे मेकॅनिक आढळतात. हातातला पुरावा जाळून तपास सुरू करण्यासारखेच हे होय.

एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पी ०३०१ हा संकेतांक पहिला सिलिंडर चुकतो एवढेच सांगतो. पहिली कॉइल खराब आहे असे तो सांगत नाही. कारण शोधण्याची सर्वांत भरवशाची व बिनखर्चाची रीत म्हणजे अदलाबदल. इंजिन बंद करून, किल्ली काढून, ते निवू द्यावे. प्लगच्या खोबणीभोवतीची धूळ हवेने उडवावी, नाहीतर कॉइल काढताच ती आत पडते. मग कॉइलचा जोड खिट्टी दाबून अलगद सोडवावा, बोल्ट काढावा, कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढावी. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर व तिसऱ्याची पहिल्यावर बसवावी. बाकी काहीही बदलू नये. संकेतांक पुसून गाडी पूर्वीच्याच परिस्थितीत, म्हणजे चढणीवर असेल तर चढणीवर, चालवावी. आता पी ०३०३ उमटला तर दोष कॉइलबरोबर सरकला. कॉइल दोषी ठरली. पी ०३०१ कायम राहिला तर ती निर्दोष. मग हीच अदलाबदल प्लगची करावी. तोही निर्दोष ठरल्यास इंधनाच्या इंजेक्टरकडे आणि त्यानंतर सिलिंडरच्या दाबाकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, हे या रीतीचे सर्व सामर्थ्य. प्लग व कॉइल दोन्ही एकदम बदलल्यास गाडी सुधारेल कदाचित, पण कशाने सुधारली हे कळणार नाही.

कॉइल दोषी ठरविण्यापूर्वी तिच्या जोडापर्यंत येणारी तारही पाहावी. किल्ली फिरविल्यावर जोडाच्या ठरलेल्या टोकावर बॅटरीइतका दाब येतो की नाही, अर्थिंग पक्के आहे की नाही, हे मीटरने तपासता येते. खेड्यापाड्यांत व शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर तारांचे वेष्टण कुरतडतात, ही काही थट्टेची गोष्ट नाही. नवी कॉइल बसवूनही संकेतांक तसाच राहतो तेव्हा कारण पुष्कळदा असेच क्षुल्लक निघते.

मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजून निवाडा देण्याची पद्धत जुन्या कॉइलना बरी होती. आज अनेक कॉइलमध्येच ट्रान्झिस्टरचे मंडल बसविलेले असते. तेथे हे मोजमाप निरर्थक ठरते. शिवाय गार असताना रोध बरोबर दाखविणारी कॉइल तापल्यावर दगा देतेच. मीटरच्या आकड्यापेक्षा अदलाबदलीची साक्ष अधिक ग्राह्य मानावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता त्या जुन्या सवयीविषयी. इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची टोपी उपटून पाहणे आणि ज्याची काढल्यावर आवाज बदलत नाही तो बंद, असे ठरविणे ही डिस्ट्रिब्युटरच्या काळातील रीत. नव्या गाडीत चालू इंजिनावरची कॉइल उपटली तर तिच्या उच्च दाबाला वाट राहत नाही आणि तो आतील वेष्टण फोडून कॉइलचा, प्रसंगी संगणकाच्या मंडलाचाही नाश करतो. हाताला बसणारा झटका जबर असतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने तर चालू इंजिनाच्या या भागाजवळ वाकूच नये. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठिणगी पाहणेही फसवे आहे. उघड्या हवेत दाब नसल्याने मरणपंथास लागलेली कॉइलही तेथे ठिणगी दाखविते, आणि जवळच पेट्रोलची वाफ असेल तर आगीचा धोका निराळाच.

काढलेला प्लग काय सांगतो?

काढलेला प्लग न पुसता पाहावा. फिकट तपकिरी टोक हे निरोगी इंजिनाचे लक्षण. टोक पेट्रोलने ओले असेल तर इंधन येते पण पेटत नाही, संशय ठिणगीवर. कोरडे व पांढुरके असल्यास इंधन कमी पडते का ते पाहावे. तेलकट काजळी असल्यास इंजिनऑइल आत झिरपत आहे. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर विद्युत् त्या वाटेने निसटत होती असे निश्चित समजावे. तशीच रेघ कॉइलच्या रबरी टोपीच्या आतही सापडते. येथे केवळ प्लग बदलून भागत नाही, टोपीही बदलावी लागते. अन्यथा नव्या प्लगवर थोड्याच दिवसांत तीच रेघ उमटते. मात्र धातूच्या कडेलगत चिनीमातीवर दिसणारे पिवळसर-तपकिरी वलय हा दोष नव्हे. उच्च दाबामुळे तेलाचे सूक्ष्म कण तेथे चिकटून ते बनते. हे वलय पाहून चांगले प्लग फेकून दिल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

प्लगच्या खोबणीत तेल साचलेले आढळले तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले आहे. तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि कॉइल वारंवार जाते. तेव्हा पॅकिंग आधी, कॉइल नंतर. खोबणीत पाणी असेल तर बहुधा दोष धुण्याच्या पद्धतीचा असतो. जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुण्याची हौस अनेक कॉइलना भोवते.

सर्वच सिलिंडर मधूनमधून चुकत असतील तर एकेका कॉइलमागे लागण्यात अर्थ नाही. इंधनाचा दाब, हवेची गळती, क्रँकचा संवेदक आणि पेट्रोलची शुद्धता पाहावी. अलीकडे देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. मर्यादेबाहेर पाणी आले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसते आणि पंप प्रथम तेच उचलतो. दीर्घकाळ उभी राहिलेली किंवा पुराच्या पाण्यात सापडलेली गाडी या दृष्टीने अवश्य तपासावी.

सीएनजीची गाडी

मुंबई-पुण्यापुरता राहिलेला सीएनजी आता राज्यातील अनेक जिल्ह्यांत पोहोचला आहे. या इंधनाच्या मिश्रणातून ठिणगी उडविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विद्युत्-दाब लागतो. त्यामुळे पेट्रोलवर निभावून नेणारे प्लग व कॉइल सीएनजीवर उघडे पडतात. चालकाने गाडी आलटून पालटून दोन्ही इंधनांवर चढणीला चालवून पाहावी. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर झटके असतील तर झिजलेले प्लग व दुबळी कॉइल यांचा संशय प्रथम घ्यावा, मग गॅसची गाळणी व दाबनियंत्रक पाहावा. दोन्हींवर एकाच सिलिंडरमध्ये दोष असेल तर ठिणगीबरोबर सिलिंडरचा दाबही मोजून घ्यावा. गॅसवर दीर्घकाळ चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक झिजून दाब गळतो. सीएनजीसाठी उत्पादकाने सांगितलेली प्लगची फट पुष्कळदा कमी असते. गाडीच्या पुस्तिकेत ती दिलेली असेल तर तीच प्रमाण मानावी, आणि प्लग बदलण्याचे अंतरही तेथील सूचनेप्रमाणेच पाळावे.

बदलताना

एक कॉइल गेली म्हणून सर्व बदलाव्यात काय? आमच्या मते, नाही. कसोटीने दोषी ठरलेली एक बदलावी, बाकीच्या राहू द्याव्यात. प्लग मात्र त्यांचे विहित अंतर संपत आले असेल तर सर्वच एकदम बदलावेत. जुन्या प्लगवर नवी कॉइल बसविणे म्हणजे तिलाही त्याच वाटेने पाठविणे. याला अपवाद एकच. गाडी अतिशय जुनी असून कॉइल लागोपाठ जाऊ लागल्या असतील आणि ती दुर्गम भागात रुग्णसेवेसाठी वापरली जात असेल, तर वाटेत अडकण्यापेक्षा संपूर्ण संच बदलणे श्रेयस्कर. नामांकित नावाच्या बनावट कॉइल बाजारात असतात. स्वस्त मिळते म्हणून घेतलेली अशी कॉइल काही महिन्यांतच पुन्हा तेथेच आणून उभे करते. इरिडियमचे प्लग तारेच्या ब्रशने घासू नयेत आणि त्यांची फट ठोकून-वाकवून कमीजास्त करू नये. प्लग प्रथम बोटांनी पूर्ण बसवावा, आणि मगच पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे खराब झाले तर त्याचा खर्च कॉइलहून कितीतरी मोठा होतो.

कार्यालयीन वाहनाचे अंदाजपत्रक समोर आले की त्यावर ‘कॉइल संच, प्लग संच, मजुरी’ एवढेच लिहिलेले असते. मंजुरी देण्यापूर्वी कोणता संकेतांक निघाला, अदलाबदलीनंतर तो कोठे सरकला, ही दोन उत्तरे लेखी मागावीत. काढलेली कॉइल व प्लग परत घ्यावेत आणि लॉगबुकात दिनांक, किलोमीटर व बदललेला सिलिंडर यांची नोंद करावी. सहा महिन्यांनी त्याच सिलिंडरची कॉइल पुन्हा गेली, तर खोबणीतील तेल, पाणी किंवा तार यांपैकी काहीतरी पाहावयाचे राहिले होते हे त्या एका ओळीवरून कळते. दुरुस्तीनंतर संकेतांक पुसून गाडी ज्या चढणीवर झटके देत होती तेथेच, इंजिन पुरते तापल्यावर, चालवून पाहावी आणि परत आल्यावर स्कॅनर पुन्हा एकदा लावावा. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीचा शांत आवाज ऐकून देयकावर सही करू नये.